हायड्रोपोनिक गांजा म्हणजे नेमकं काय? माती की पाणी, फरक कुठे पडतो आणि कायदा काय सांगतो?

बँकॉकहून आलेलं विमान, ट्रॉली बॅगेत खाऊच्या पुड्यांमध्ये दडवलेली हवाबंद पाकिटं आणि दुसऱ्या दिवशी 'कोट्यवधींचा हायड्रोपोनिक गांजा जप्त' हे शीर्षक. मुंबई विमानतळावरची ही बातमी आता इतक्या वेळा येते की 'हायड्रोपोनिक' हा शब्द अनेकांना अमली पदार्थाचंच नाव वाटू लागला आहे. टेरेसवर पाइपमध्ये लेट्यूस लावणाऱ्या माणसाला शेजारी हसत हसत 'काय लावलंय नक्की?' असं विचारतात, ते यामुळेच.

हायड्रोपोनिक्स ही शेतीची एक पद्धत आहे, अमली पदार्थ नाही. गांजा हे एक पीक आहे. ते मातीतही येतं आणि मातीशिवायही येतं. मग किंमत इतकी जास्त का? तो खरंच जास्त घातक असतो का? त्यासाठी कायदा वेगळा आहे का? आणि घरात मातीविना भाजी लावायची असेल तर काही अडचण येईल का? एकेक प्रश्न पाहू.

थोडक्यात सांगायचं तर:

• हायड्रोपोनिक्स म्हणजे मातीऐवजी पाण्यात विरघळवलेल्या अन्नद्रव्यांवर रोप वाढवणं. भारतात ते पूर्णपणे कायदेशीर आहे.
• गांजाची तीव्रता मुख्यतः जातीवर ठरते. पाण्यात वाढवल्याने साध्या जातीचा 'हाय पोटेन्सी' माल होत नाही.
• भारतीय कायदा मातीतला आणि पाण्यातला गांजा असा भेद करत नाही. कुंडीतलं एक रोपही लागवडच.
• परदेशात कायदेशीर असलेला माल भारतात आणणं हा गुन्हाच आहे.

मातीशिवाय झाड जगतं कसं?

झाडाला मातीतून तीन गोष्टी मिळतात: आधार, पाणी आणि खनिजं. मुळांना ऑक्सिजनही लागतो, तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांमधून मिळतो. या चारही गोष्टी दुसऱ्या मार्गाने दिल्या तर माती नसली तरी चालतं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह, झिंकसारखी सूक्ष्म द्रव्यं ठरावीक प्रमाणात पाण्यात विरघळवायची आणि ते पाणी मुळांपर्यंत पोहोचवायचं, एवढंच त्यामागचं तत्त्व.

१९ व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हे करून पाहिलं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले विल्यम गेरिक यांनी ते प्रयोगशाळेबाहेर आणलं आणि १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. भारताचाही यात वाटा आहे. १९४० च्या दशकात जे. शोल्टो डग्लस यांनी दार्जिलिंगजवळच्या कालिम्पोंगमध्ये कमी खर्चाची पद्धत विकसित केली. ती 'बंगाल पद्धत' म्हणून जगभर ओळखली गेली.

आज या पद्धतीचे अनेक प्रकार आहेत. पाण्याच्या टाकीत एअर पंप लावून मुळं थेट पाण्यात सोडणं हा एक. उताराच्या पाइपमधून पाण्याचा पातळ थर सतत वाहता ठेवणं हा दुसरा. आणि कोकोपीट, परलाइट किंवा खडक वितळवून बनवलेल्या रॉकवूलसारख्या माध्यमात रोप लावून ठिबकने पोषण देणं हा तिसरा. यातलं कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यातून निघणारा भुसा. दक्षिण भारतातून त्याची जगभर निर्यात होते.

गांजा आणि हायड्रोपोनिक्स यांची जोडी कशी जमली?

गांजा म्हणजे या झाडाच्या मादी रोपाचे फुलोरे. त्यांच्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये राळ असते आणि नशा आणणारा टीएचसी हा घटक त्या राळेत असतो. नराचे पराग मादी फुलावर पडले की झाडाची ताकद बी धरण्यात जाते. बी नसलेले फुलोरे जास्त राळयुक्त होतात.

हे ज्ञान अलीकडचं किंवा परदेशातलं नाही. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागाची नोंद आहे. तिथे परवान्याने गांजा पिकवला जाई आणि शेतातली नर झाडं ओळखून उपटायला खास जाणकार बोलावले जात. त्यांना 'पोद्दार' म्हणत. आज 'सीडलेस' म्हणून मिरवलं जाणारं तंत्र सव्वाशे वर्षांपूर्वी इथल्या मातीत, उन्हात आणि पावसात चालत होतं.

फरक पडला तो बंद खोलीमुळे. युरोप-अमेरिकेत पोलिसांची नजर वाढली तशी अवैध लागवड शेतातून घरात, तळघरात आणि गोदामात शिरली. थंड हवामानाच्या देशांत हे आणखी सोयीचं होतं. दिवस लहान होऊ लागले की फुलणारं हे झाड आहे. त्यामुळे बंद खोलीत दिव्यांच्या वेळा बदलून ते वर्षभरात कितीही वेळा फुलवता येतं. नेदरलँड्समध्ये काचगृहातल्या टोमॅटो आणि फुलांसाठी रॉकवूल आणि ठिबकचं तंत्र आधीच तयार होतं. ते या धंद्याने उचललं. बंद खोलीत मातीची पोती चढवणं-उतरवणं त्रासाचं, माती फेकली तर संशय येणार, म्हणून मातीविना लागवड सोयीची ठरली.

म्हणजे ही निवड मुळात गुणवत्तेसाठी नव्हती. लपण्याची आणि वेगाची गरज त्यामागे होती.

पाण्यात वाढवला म्हणून नशा जास्त?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या नमुन्यांत टीएचसीचं सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर गेलं. वाढ खरी आहे. पण तिचं मुख्य कारण निवडक संकर आणि बीविरहित फुलोरे हे आहे. कोणत्या झाडात किती टीएचसी तयार होऊ शकतं याची कमाल मर्यादा त्याच्या जनुकांत ठरलेली असते. प्रकाश, तापमान, पोषण आणि वाळवण्याची पद्धत यांवर एवढंच ठरतं की झाड त्या मर्यादेच्या किती जवळ पोहोचेल.

साधं उदाहरण घ्या. देशी मिरची हायड्रोपोनिक्समध्ये लावली तर ती लवकर वाढेल, जास्त मिरच्या देईल. पण ती भूत जोलोकिया होणार नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. एकाच जातीची, जनुकीयदृष्ट्या सारखी झाडं एकीकडे उन्हात नैसर्गिक मातीत आणि दुसरीकडे बंद खोलीत कृत्रिम दिव्यांखाली वाढवली होती. अशा दोन जाती तपासल्या. उघड्यावरच्या नमुन्यांत वास देणारी काही संयुगं जास्त आणि अधिक विविध आढळली, तर बंद खोलीतल्या नमुन्यांत विघटन झालेल्या घटकांचं प्रमाण जास्त दिसलं. 'इनडोअर म्हणजे सरस' हे समीकरण इतकं सरळ नाही, हे त्यातून दिसतं.

आणखी एक गोष्ट. विमानतळावर वापरला जाणारा चाचणी संच पदार्थात गांजाचे घटक आहेत की नाहीत एवढंच सांगतो. झाडाची मुळं मातीत होती, कोकोपीटमध्ये होती की पाण्यात, हे तो सांगत नाही. त्यामुळे बातम्यांमधलं 'हायड्रोपोनिक' हे लेबल बहुतेक वेळा 'बंद खोलीत, नियंत्रित वातावरणात पिकवलेला महागडा माल' या अर्थाने वाचायचं असतं. बाजारात तो शब्द ब्रँडसारखा वापरला जातो.

किंमत किती? ऑगस्ट २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन वीड आऊट' या कारवाईत बंगळुरू आणि भोपाळ इथे रेल्वेतून नेला जाणारा माल पकडला. एकूण जप्ती सुमारे ७२ किलोची होती आणि तिचं मूल्य सुमारे ७२ कोटी रुपये सांगण्यात आलं. म्हणजे किलोला एक कोटी. ही किंमत झाडाची नाही. त्यात जोखीम, तस्करी आणि 'इम्पोर्टेड' या शब्दाची किंमत मिसळलेली आहे.

जिथे परवानगी आहे, तिथे लोक काय निवडतात?

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. तिथे देशपातळीवरच्या कायद्यानुसार एका घरात ४ रोपं लावता येतात. क्यूबेक प्रांताने मात्र घरगुती लागवडीला मनाई केली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढाला स्वतःच्या वापरासाठी ३ रोपांची मुभा आहे. मुलांचा हात तिथे पोहोचणार नाही याची काळजी घेणं बंधनकारक आहे. अशा देशांत 'माती की हायड्रोपोनिक्स' हा खुला, कायदेशीर प्रश्न आहे. त्याचं उत्तर कोणत्याही घरगुती पिकाला लागू पडतं.

माती: चुका पोटात घालते. खत थोडं जास्त पडलं, एक दिवस पाणी द्यायचं राहिलं, तरी माती सांभाळून घेते. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर माती हा मोठा बफर आहे. मातीतले जिवाणू आणि बुरशी अन्नद्रव्यं हळूहळू मोकळी करतात. तोटे म्हणजे वाढ तुलनेने संथ, वजन जास्त, आणि मातीतून माश्या, कीड, रोगजंतू घरात येण्याची शक्यता.

पाणी: वाढ वेगाने होते, कारण मुळांना अन्न शोधत फिरावं लागत नाही. पण बफर नाही. पाण्याचा पीएच घसरला, क्षारांचं प्रमाण चुकलं तर परिणाम एक-दोन दिवसांत पानांवर दिसतो. पंप बंद पडला तर काही तासांत मुळं कोमेजू लागतात. पाणी तापलं तर आणखी वाईट. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. ऑक्सिजन कमी आणि पाणी कोमट, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या पिथियमला आमंत्रणच.

मधला मार्ग: कोकोपीट. दिसायला माती, वागायला हायड्रोपोनिक्स. त्यात स्वतःचं पोषण जवळपास नसतं, ते पाण्यातून द्यावं लागतं. पण ओल धरून ठेवतं, त्यामुळे पंप तासभर बंद राहिला तरी झाड तग धरतं.

औषधी उत्पादनात आणखी एक निकष येतो. हे झाड जमिनीतले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेतं. याच गुणामुळे दूषित जमिनी स्वच्छ करण्यासाठी त्याच्या हेम्प प्रकाराचे प्रयोग झाले आहेत. म्हणून रुग्णांसाठी उत्पादन करणारे नियंत्रित, निर्जंतुक माध्यमाकडे वळतात. दुसरीकडे, स्वस्त आणि कमी विजेचं उत्पादन हवं असणारे उघड्या शेताकडे किंवा काचगृहाकडे वळतात. म्हणजे हेतू काय आहे, त्यावर माध्यम ठरतं.

खरा खर्च मातीचा नाही, विजेचा

माती की पाणी या वादात बऱ्याचदा मुख्य मुद्दा निसटतो. मोठा फरक 'आत की बाहेर' हा आहे.

अमेरिकी संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मध्ये बंद खोलीतल्या गांजा लागवडीचा हिशेब मांडला. अमेरिकेच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज तेव्हा या लागवडीत जात होती, असा त्यांचा अंदाज होता. एक किलो तयार मालामागे सुमारे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड. खोलीतला प्रकाश रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरच्या तोडीचा, वाचनासाठी लागणाऱ्या प्रकाशाच्या ५०० पट. २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासातही ठिकाणानुसार किलोमागे सुमारे २,३०० ते ५,२०० किलो असा आकडा आला.

ही वीज पोलिसांनाही वाट दाखवते. नेदरलँड्समध्ये अवैध लागवडीसाठी वीजचोरी हा जुना प्रश्न आहे. २०१० मध्ये तिथे रॉटरडॅम आणि हेगमधल्या सुमारे ३०,००० घरांत एक कार्ड वाटलं गेलं. ते खरवडलं की गांजाच्या झाडासारखा वास येई. असा वास शेजारून आला तर कळवा, असं आवाहन त्यात होतं.

भाजीपाल्याचं गणितही बोलकं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या लेट्यूसचा अभ्यास झाला. मातीतल्या एक किलो लेट्यूसला वर्षाला सुमारे २५० लिटर पाणी लागतं, हायड्रोपोनिक्समध्ये फक्त २० लिटर. चौरस मीटरमागे उत्पादन सुमारे ११ पट. पण ऊर्जा? किलोमागे मातीत १,१०० किलोज्यूल आणि हायड्रोपोनिक्समध्ये ९०,००० किलोज्यूल. युनिटमध्ये रूपांतर केलं तर मातीत जेमतेम पाव ते अर्धा युनिट आणि हायड्रोपोनिक्समध्ये तब्बल २५ युनिट. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा काचगृह गरम-थंड ठेवण्यावर गेला. विदर्भातल्या उन्हाळ्यात शेडनेटखाली उभं राहिलेल्या कोणालाही हा आकडा लगेच पटेल.

'थायलंडमध्ये तर चालतं', मग इथे का नाही?

थायलंडने ९ जून २०२२ रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. त्यानंतर बँकॉक, फुकेत, पट्टायामध्ये रस्तोरस्ती दुकानं उघडली. तिथे फिरायला गेलेल्या अनेक भारतीयांना हे सगळं 'लीगल' दिसलं. मात्र जून २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नियम पुन्हा कडक केले. गांजाच्या फुलांची विक्री आता डॉक्टरच्या चिठ्ठीवरच करता येते.

पण तिथला नियम काहीही असो, तो विमानात बसून तुमच्यासोबत येत नाही. दुकानातलं बिल, आकर्षक डबा किंवा 'मेडिकल' असं लेबल भारतीय सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे काहीच कामाचं नाही.

भारतीय कायदा काय सांगतो?

१९८५ चा अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ कायदा, म्हणजेच एनडीपीएस, गांजाची व्याख्या 'फुलणारे किंवा फळधारणा झालेले शेंडे' अशी करतो. ते कुठल्या माध्यमात वाढले याचा उल्लेख त्यात नाही. शिक्षा ठरते ती वजनावरून.

• १ किलोपेक्षा कमी, म्हणजे 'अल्प प्रमाण': एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• १ किलो ते २० किलोपर्यंत: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.
• २० किलोहून जास्त, म्हणजे 'व्यावसायिक प्रमाण': १० ते २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख रुपये दंड. यात जामीन मिळणंही अतिशय कठीण.

देशात आयात करण्यासाठी स्वतंत्र कलम आहे. शिक्षेचे टप्पे असेच आहेत.

लागवडीचं काय? तिथे वजनाचा प्रश्नच येत नाही. परवानगीशिवाय गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'घरच्यापुरतं एकच रोप' अशी सवलत भारतीय कायद्यात नाही. २०२४ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका फ्लॅटमध्ये दिवे आणि एसी लावून केलेली लागवड पोलिसांनी उघडकीस आणली, तेव्हा हाच कायदा लागला.

धागा किंवा बियांसाठी हेम्प लागवडीला राज्य सरकारं परवानगी देऊ शकतात. उत्तराखंडने २०१८ मध्ये तो मार्ग खुला केला. तिथे टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे. म्हणजे त्या पिकातून नशा येणं अपेक्षितच नाही.

आणि भांग? फुलोरे सोबत नसलेली पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. भांगेचे नियम राज्यांच्या हाती आहेत. महाराष्ट्रात त्यासाठी परवाना लागतो. त्यामुळे 'भांग चालते, मग गांजा का नाही' हा युक्तिवाद कोर्टात टिकत नाही.

बॅग दुसऱ्याची, पण तुरुंग आपला

या धंद्यातले सूत्रधार क्वचितच विमानात बसतात. बसतात ती विशी-तिशीतली मुलं-मुली. 'चार दिवस थायलंड फुकट, येताना फक्त एक बॅग आणायची' अशी ऑफर असते. कधी परदेशातल्या नोकरीचं आमिष असतं, कधी ओळखीतल्या कोणाची 'भेटवस्तू'.

कायद्यातले दोन मुद्दे इथे माहीत असायलाच हवेत. पहिला, पदार्थ तुमच्या ताब्यात सापडला की खुलासा तुम्हाला द्यावा लागतो. दुसरा, आरोपीला त्याची जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं आणि जाणीव नव्हती हे आरोपीनेच सिद्ध करायचं असतं, तेही संशयाला जागा न ठेवता. इतर बहुतेक गुन्ह्यांत सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षावर असते. इथे ती मोठ्या प्रमाणात उलटी फिरते. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून सुटका होत नाही.

फ्लॅटमालकांसाठीही एक कलम आहे. आपली जागा अशा कामासाठी वापरली जातेय हे माहीत असून ती वापरू दिली तर मालकही आरोपी होऊ शकतो. भाडेकराराची पोलिसांकडे नोंद करणं आणि अधूनमधून जागा पाहून येणं हे म्हणूनच केवळ सोपस्कार नाहीत. कायम बंद आणि काळ्या कागदाने झाकलेल्या खिडक्या, थंडीतही अखंड चालणारा एसी, दोन माणसांच्या घराला न शोभणारं वीजबिल आणि तीव्र वास या खुणा एकत्र दिसल्या तर दुर्लक्ष करू नका.

आरोग्यावर परिणाम काय?

माध्यमाने फरक पडत नसला तरी तीव्रतेने पडतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांचा अभ्यास आला. १० टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसी असलेला गांजा रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र मानसिक आजाराची शक्यता कधीही न ओढणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास पाचपट दिसली. असा अभ्यास संबंध दाखवतो, प्रत्येक व्यक्तीचं भविष्य सांगत नाही. पण 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे सांत्वन त्यापुढे टिकत नाही. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते, म्हणून कॉलेजच्या वयात धोका अधिक.

मग घरात हायड्रोपोनिक्स करायचंच नाही का?

जरूर करा! पालक, लेट्यूस, पुदिना, कोथिंबीर, तुळस यांसाठी कोणतीही परवानगी लागत नाही. फक्त माध्यम निवडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

पहिला, ऊन किती? गॅलरीत रोज चार-पाच तास ऊन येत असेल तर दिव्यांची गरज नाही आणि निम्मा खर्च तिथेच वाचतो. ऊन नसेल तर १०० वॉटचा एलईडी रोज १४ तास लावावा लागेल असं धरा. महिन्याला ४२ युनिट झाले. युनिटला ८ ते १० रुपये धरले तर ३३६ ते ४२० रुपये. तेवढ्यात बाजारातून किती जुड्या पालक येईल, हा हिशेब करूनच पुढे जा.

दुसरा, वीज किती वेळा जाते? दिवसात दोन-तीन तास जात असेल तर पंपावर चालणारी पाइपची रचना टाळा. कोकोपीट किंवा माती बरी.

तिसरा, पाणी कसं आहे? बोअरवेलच्या जड पाण्यात आधीच क्षार असतात, त्यात पोषणद्रव्यांचं गणित बिघडतं. साधा टीडीएस मीटर आणि पीएच तपासायची पट्टी असल्याशिवाय सुरुवात करू नका. पालेभाज्यांसाठी पीएच साधारण ५.५ ते ६.५ दरम्यान हवा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी तर या कामाला अजिबात नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

चौथा, वेळ किती? रोज पाच मिनिटं पाणी तपासायला जमत असेल तर हायड्रोपोनिक्स जमेल. आठवड्यातून एकदाच झाडांकडे बघणार असाल तर माती, शेणखत आणि मोठी कुंडी. मुळा, गाजर, बटाटा यांसाठी तर मातीच उत्तम.

पहिल्यांदाच करत असाल तर एकाच वेळी दोन कुंड्या मातीत आणि दोन कोकोपीटमध्ये लावून पाहा. महिन्याभरात तुमचं घर, तुमचं पाणी आणि तुमची सवय कशाला अनुकूल आहे ते कळेल. महागडा किट घेण्याआधीचा हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

मदत कुठे मिळेल?

घरात कोणी व्यसनात अडकलं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ या क्रमांकांवर मोफत बोलता येतं. अमली पदार्थांच्या विक्रीची किंवा लागवडीची माहिती द्यायची असेल तर अमली पदार्थ नियंत्रण विभागाची 'मानस' हेल्पलाइन १९३३ आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणं किंवा सेवन करणं असा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांसाठी गेली, तर कायद्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूदही आहे. उपचार मध्येच सोडले तर मात्र ते संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. ही तरतूद अनेक कुटुंबांना माहीतच नसते आणि पोलिसांच्या भीतीने उपचार लांबत जातात. कोणाला सांगायची वेळ आली तर आधी हेच सांगा.